पश्चिमेला लाल झेंडा

मालदीवहून परत आलेल्या माणसाने समुद्राचा रंग सांगावा अशी लोकांची अपेक्षा असते. निळा, हिरवा, मोरपंखी, असं काहीतरी. मीही सांगतो. आमच्या खोलीसमोरचा समुद्र बादलीत भिजवून विसरलेल्या खाकी पँटच्या पाण्यासारखा होता. त्याच बेटावर वाळूची एक पायवाट ओलांडली की पलीकडे माझे साडू शिरीषराव ज्या समुद्रात डुंबत होते, तो मात्र मोरपंखी होता. हे वर्णन दोन्ही समुद्रांचं आहे, पण खरं म्हणजे मधल्या पायवाटेचं जास्त.

शिरीषराव म्हणजे माझ्या बायकोच्या, वासंतीच्या, धाकट्या बहिणीचे, माधुरीचे, यजमान. माणूस वाईट नाही, हीच माझी पहिली तक्रार. वाईट असता तर त्याचा हेवा करायला सोपं गेलं असतं. ते कोलशेतला एका टॉवरमध्ये इतक्या वर राहतात की लिफ्टमध्ये कान बंद होतात, आणि त्यांच्या गॅलरीतून खाडी दिसते. आम्ही डोंबिवलीला, पूर्वेला. आमच्या गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगमधलं वाळत घातलेलं धुणं दिसतं. समोरच्यांकडे पाहुणे आले की आम्हाला टॉवेलांवरून कळतं.

गेल्या वर्षी ऐन थंडीत शिरीषराव आणि माधुरी मालदीवला जाऊन आले. फॅमिली ग्रुपवर रोज संध्याकाळी एक फोटो यायचा: खाली चार पावलं, वर सूर्यास्त. मी रोज अंगठा दाखवायचो. अंगठा दाखवताना दातओठ खाल्लेले ग्रुपवर दिसत नाहीत ही एक सोय आहे. माधुरी आल्यापासून प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक बारशाला माशांचं सांगत सुटली. "ताई, पाण्यात डोकं घातलं ना, की वाटतं आपण कोणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय. सगळे आपापल्या कामात. आपल्याकडे बघत पण नाहीत."

वासंती ऐकून घ्यायची. मग एकदा मेथी निवडता निवडता मला म्हणाली, "मला एकदा ते बघायचंय."

वासंती काही मागणाऱ्यातली नाही. मागते तेव्हा भाजी निवडतच मागते, म्हणजे समोरच्याने नाही म्हटलं तरी कोणाला अवघड वाटायला नको. मी पेपर खाली ठेवला आणि म्हटलं, नेतो.

कल्याण

बेत ठरला सासूबाईंच्या घरी, कल्याणला. यंदा अधिक महिना होता. जावयाला बोलवायचं, जेवायला घालायचं आणि अनारशांचं वाण द्यायचं. मी मोठा जावई. शिरीषरावांपेक्षा मी वयाने आठ महिन्यांनी लहान आहे, पण मी मोठीशी लग्न केलंय, तेव्हा मान माझा. औक्षण आधी माझं, पाट भिंतीकडचा माझा, पहिली वाढणी मला. गेली कित्येक वर्षं या एकाच घरात, या एकाच ताटावर, मी शिरीषरावांच्या पुढे असतो. त्यामुळे मी तिथे जरा सावकाश जेवतो.

मठ्ठा पिता पिता शिरीषरावांनी फोन काढला. "विनायकराव, तुम्ही म्हणत होतात ना मालदीवचं? आपण चौघेच जाऊ. या दिवसांत गर्दी नसते. एक बेट बघितलंय, छोटंसं. दोन खोल्या आहेत शिल्लक. एक सूर्यास्ताच्या बाजूला, एक सूर्योदयाच्या."

सासूबाई आतून म्हणाल्या, "आधी मोठ्या जावयांना विचारा."

"अर्थात," शिरीषराव म्हणाले. "विनायकराव, तुम्ही मोठे. सूर्यास्त तुमचा."

मी दोनदा नको म्हटलं. दोनदा म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा त्यांनी आग्रह केला तेव्हा मी मानेनेच हो म्हटलं. डोळ्यांपुढे माझी आणि वासंतीची पावलं आली, मागे सूर्य, आणि कोलशेतच्या टॉवरमध्ये कोणीतरी अंगठा दाखवतंय. आता सगळे एकाच बेटावर असणार होते हे त्या चित्रात बसत नव्हतं, पण चित्र चांगलं होतं.

वाणाचे अनारसे शिरीषरावांनी कल्याणलाच ठेवले. त्यांना शुगर आहे. मी माझे स्टीलच्या डब्यात भरून, फडक्यात बांधून बरोबर घेतले. मानाची वस्तू आहे, मागे कशी ठेवणार.

माले, आणि पुढे

विमानाचा भाग गाळतो. मालेच्या विमानतळावर एका तरुण अधिकाऱ्याने माझा डबा उघडायला लावला. त्याने अनारशाला बोट लावून विचारलं, "व्हॉट इज?"

"स्वीट," मी म्हटलं. "फॉर सन-इन-लॉ."

"यू आर व्हिजिटिंग युअर सन-इन-लॉ?"

"नो. आय ॲम द सन-इन-लॉ."

त्याने माझ्या पिकल्या केसांकडे बघितलं, डब्याचं झाकण लावलं आणि जा म्हणाला. मागे माधुरी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

तिथून बेटावर स्पीडबोटीने जायचं. बोटीवरचा मुलगा म्हणाला, "सर, बॅक साइड बेटर." मला वाटलं, हा मला मागे बसवतोय. मी सरळ पुढच्या बाकावर जाऊन बसलो, वासंतीलाही बसवलं. शिरीषराव आणि माधुरी निमूट मागे, इंजिनाजवळ.

खवळलेल्या समुद्रात स्पीडबोटीचा पुढचा भाग काय करतो हे ज्यांना माहीत नाही त्यांनी कल्याण-शीळ रस्त्यावर पावसाळ्यात रिक्षाने जावं, आणि रिक्षावाल्याला सांगावं की माझी गाडी सुटतेय. बोट लाटेवर चढायची आणि मग खाली लाट नसायची. मांडीवरचा डबा ताशासारखा वाजत होता. चष्म्यावर मीठ साचून मला काही दिसेना, ते एक बरं झालं. वासंतीने माझा दंड धरला होता, त्यावर नंतर निळे डाग पडले. उतरताना मी मागे वळून बघितलं तर शिरीषराव आल्याची वडी चघळत होते आणि त्यांच्या केसांचा भांगसुद्धा मोडला नव्हता.

"आम्हाला काही एवढं जाणवलं नाही," ते म्हणाले.

पश्चिमेची बाजू

उतरल्यावर शहाळ्याचं पाणी दिलं, थंड रुमाल दिले. मग छोट्या गाड्या आल्या, शिरीषराव-माधुरीला उजवीकडे घेऊन गेल्या आणि आम्हाला डावीकडे. डावीकडे जाता जाता झाडं हलायला लागली. खोलीचं दार वाऱ्याने उघडेना, आम्ही दोघांनी खांदा लावला. खोली सुंदर होती. बाहेर लाकडी ओटा, त्याला तिथे डेक म्हणतात, आणि डेकवर दोन आरामखुर्च्या, दोन्ही दोरीने खांबाला बांधलेल्या. त्यांच्यापुढे वाळू, वाळूत एक काठी, काठीला फडफडणारा लाल झेंडा.

"हा कसला हो झेंडा?" वासंतीने विचारलं.

"रिसॉर्टचा असेल," मी म्हटलं.

जेवणघराच्या दाराशी एक पांढरा फळा होता. रोज सकाळी इब्राहिम नावाचे पोक्त गृहस्थ त्यावर पाहुण्यांसाठी हवा आणि समुद्राची स्थिती लिहीत. पहिल्या सकाळी मी वासंतीच्या आधी तिथे पोचलो, म्हणून वाचू शकलो. फळ्याचे दोन भाग होते. डावीकडे पश्चिम: वारा जोराचा, लाटा मोठ्या, पाण्याला ओढ, पाण्यात उतरू नये. उजवीकडे पूर्व: वारा मंद, पाणी सपाट, पाण्याखाली लांबवर स्वच्छ दिसेल.

मला क्षणात सगळं कळलं. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, बेटाच्या पश्चिमेच्या तोंडावर आपटतो आणि पूर्वेची बाजू पाठीसारखी कोरडी राहते. थंडीत वारा उलटा असतो, म्हणून गेल्या वर्षी शिरीषरावांना सूर्यास्तही मिळाला आणि सपाट पाणीही. यात शिकण्यासारखं काही नव्हतं. आमच्या बिल्डिंगची पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात ओली होते, त्या बाजूचे लोक दर मीटिंगमध्ये ओरडतात, आणि त्या सोसायटीचा सेक्रेटरी मी आहे. आयुष्यभर डोंबिवलीत पूर्वेला राहून पश्चिमेला नावं ठेवलेला मी, समुद्र ओलांडून गेलो आणि मान म्हणून पश्चिम घेतली.

एवढ्यात वासंती आली. मी फळ्याच्या उजव्या भागासमोर पाठ करून उभा राहिलो.

"काय लिहिलंय?"

"आज जरा वारा आहे. उद्या उतरेल."

ती डावीकडचं वाचत होती. मी हात मागे बांधून जरा रुंद झालो.

नाश्त्याला मास हुनी नावाचा पदार्थ होता: ट्यूना मासा, ओलं खोबरं, कांदा, मिरची, वर लिंबू, सगळं हाताने कुस्करलेलं. बरोबर रोशी, म्हणजे आपली चपातीच, फक्त जरा जाड. वासंतीने चव घेऊन सांगितलं की हे आईच्या सुकटीच्या चटणीच्या अगदी जवळ जातं, फक्त यांनी सुकट न वापरता श्रीमंती केलीय. मग तिला आठवलं. "अहो, अधिकात मासे चालतात का?"

"परदेशात अधिक नसतो, ताई," मागून शिरीषरावांचा आवाज आला. ते ओल्या चड्डीवर, नाक लाल झालेलं, केसांत वाळू, असे खुर्ची ओढून बसले. "काय पाणी आहे हो आमच्याकडे. काच. नुसती काच. तुमच्याकडे कसं आहे?"

"आमच्याकडे लाटा आहेत."

"वा. आवाज येत असेल."

"समुद्रावर यायचं आणि समुद्राचा आवाज नको म्हणायचं?" मी म्हटलं. रात्रभर मला डोळा लागला नव्हता.

"या ना मग आज आमच्याकडे पोहायला."

"बघू. आमचाही झेंडा हिरवा होतोच आहे."

आमचा. तो झेंडा मी एका रात्रीत घरचा करून टाकला होता.

संध्याकाळी सूर्यास्ताच्या वेळी आम्ही डेकवर बांधलेल्या खुर्च्यांत बसलो. समोर ढगांची एक भिंत होती, ती हळूहळू राखाडीची काळी झाली. मी दर दोन मिनिटांनी चष्मा पुसत होतो. रात्री जेवताना शिरीषरावांनी विचारलं, "दिसला का सूर्यास्त?"

"ढगामागे जाणवला," मी म्हटलं.

पुन्हा पश्चिमेची बाजू

दुसऱ्या दिवशी मी परत उजव्या भागासमोर उभा. पण इब्राहिम यांना माझ्याबद्दल आपुलकी वाटायला लागली होती. पाहुण्यांपैकी रोज फळ्याशी इतका वेळ थांबणारा मी एकटाच. वासंती येताच ते पुढे झाले आणि मराठी शाळेत पाढे म्हणतात तशा खणखणीत आवाजात त्यांनी वाचून दाखवलं.

"वेस्ट साइड, रेड, मॅडम. नो स्विमिंग. ईस्ट साइड, व्हेरी गुड. ग्रीन. फिश, कोरल, एव्हरीथिंग. मॅडम, गो ईस्ट साइड."

"थँक यू," वासंती म्हणाली.

"टुमॉरो वेस्ट?" मी विचारलं.

"टुमॉरो आल्सो रेड. इन्शाल्ला आफ्टर फ्यू मंथ्स ग्रीन."

वासंती माझ्याकडे बघेल असं वाटलं होतं. ती सरळ आत गेली आणि ताटात पपई घेतली. सत्तावीस वर्षांच्या संसारात मला एवढं समजतं की ती पपई घेते तेव्हा तिला बोलायचं नसतं.

दुपारी ती एकटीच माधुरीकडे गेली. मी लाटांकडे बघत बसलो. शिरीषरावांना हे आधीच माहीत असणार, असं मला आता वाटायला लागलं होतं. मान देऊन काटा काढायचा, साधी युक्ती आहे. 'तुम्ही मोठे' म्हणताना ते हसले होते का, हे मी आठवून बघितलं. हसले होते. पण ते नेहमीच हसतात, त्यांचं तोंडच तसं आहे.

वासंती परत आली तेव्हा तिचे केस कोरडे होते.

"उतरली नाहीस पाण्यात?"

"नाही."

"का?"

"असंच." आणि ती वाऱ्याने उडालेला माझा टॉवेल शोधायला गेली.

तिसरा दिवस शेवटचा. त्याच्या पुढच्या सकाळी नाश्ता करून निघायचं होतं. सकाळी झिमझिम पाऊस, झेंडा लाल. मी फळ्यापाशी गेलोच नाही. जेवणानंतर वासंती बॅग भरायला बसली. पोहण्यासाठी म्हणून मुलीकडून मागून आणलेला टी-शर्ट आणि लेगिंग्ज तिने घडी न मोडता परत तळाशी ठेवल्या, आणि मग हात थांबवून म्हणाली,

"अहो, तुमचा झेंडा काही हिरवा होणार नाहीये."

"आपला."

"तुमचा. मला पहिल्याच दिवशी कळलेलं. लाडू चोरलेला पोरगा डब्यासमोर उभा राहतो तसे उभे होतात. एवढा मोठा फळा, तुमच्या पाठीमागे मावतो होय?"

"मग काल गेलेलीस तर उतरायचं ना. माधुरी होती की."

"माधूचा हात धरून?" तिने बॅगेची चेन ओढली, परत उघडली. "तिला शाळेत बोट धरून मी नेलंय. कल्याणच्या पुलावर गर्दीत रडायला लागायची, कडेवर घेऊन जिना उतरलेय मी. काल मला म्हणते, ताई, घाबरू नकोस, मी आहे ना. कसं वाटलं असेल मला? म्हटलं, मला सर्दी आहे."

 मला वाटत होतं की घरात मोठेपणाचं ओझं मी एकटाच वाहतोय.

"भीती वाटते मला पाण्याची," ती म्हणाली. "तिच्यासमोर नाही घाबरायचं मला. तुमच्यासमोर घाबरलेलं चालतं. तुम्ही म्हणालेलात नेतो, मग न्या. नाहीतर ही चेन लावते मी."

म्हणजे मी उठून, पायवाट ओलांडून, शिरीषरावांच्या समुद्रात, शिरीषरावांच्या खोलीसमोर, त्यांनी दोन दिवस 'या ना' म्हटल्यावर 'आलो' म्हणून उतरायचं. मी झेंड्याकडे एकदा शेवटचं बघितलं. त्याने काही मदत केली नाही. मी चपला घातल्या.

पूर्वेची बाजू

डोंबिवलीत पूर्वेकडून पश्चिमेला जायचं तर पूल चढावा लागतो, उतरावा लागतो, वाटेत दोन ओळखीचे भेटतात आणि विचारतात, इकडे कुठे? इथे नुसती वाळू होती आणि दोन्हीकडे केवड्याची बनं, अगदी आमच्या गावच्या ओढ्याकाठी असतात तशी. निम्म्या वाटेवर वारा पडला. तीन दिवस कानात जे घोंघावत होतं ते थांबलं आणि मला वासंतीच्या चपलांचा आवाज ऐकू आला.

मग तो समुद्र दिसला. मी त्याचं वर्णन करणार नाही. माधुरीने वर्षभर केलेलं वर्णन कमी होतं, एवढंच सांगतो.

शिरीषरावांच्या खोलीचं दार बंद होतं, बाहेर कोणी नव्हतं. झोपले असतील, बरं झालं. किनाऱ्यावरच्या झोपडीतून इब्राहिम यांनीच आम्हाला नारिंगी जाकिटं दिली आणि डोळ्यांना लावायचे मोठे काचेचे चष्मे, त्याला तोंडातून श्वास घ्यायची नळी. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी माझा खांदा थोपटला.

तिथे अडचण आली. पाण्यातला चष्मा माझ्या चष्म्यावर बसेना, आणि माझा चष्मा काढला की वासंती आणि नारळाचं झाड यांतला फरक मला फक्त उंचीवरून कळतो. म्हणजे डोकं पाण्यात घालून मला दिसणार काहीच नव्हतं.

"मी नुसता धरून उभा राहतो," मी म्हटलं. "तू बघ. मासा दिसला की हात दाब, म्हणजे मला कळेल."

पाण्यात पाय टाकण्याआधी वासंती वाकली, ओंजळीने पाणी घेऊन डोळ्यांना लावलं, नमस्कार केला. मग आम्ही छातीइतक्या पाण्यात गेलो. पाणी अंघोळीचं असावं तसं कोमट. पुढे पोवळ्यांची काळसर रांग दिसत होती. वासंती बराच वेळ तशीच उभी राहिली.

"सोडणार नाही ना?"

"नाही."

"सोसायटीचा फोन आला तरी?"

"फोन खोलीत आहे."

तिने श्वास घेतला, डोकं घातलं आणि लगेच खोकत वर आली. नाकातोंडात पाणी. मला वाटलं, संपलं. तिने काच पुसली, कोणाकडे न बघता परत डोकं घातलं, परत वर आली. तिसऱ्यांदा ती आडवी झाली आणि वर आलीच नाही. नळीतून तिचा श्वास ऐकू येत होता, घाबरलेला, भरभर. नारिंगी जाकीट पाण्यावर तरंगत होतं आणि तिची वेणी शेजारी वेगळीच पोहत होती.

तिने माझा हात दाबला.

मग परत. मग लागोपाठ दोनदा. मग इतक्यांदा की मी मोजायचं सोडून दिलं. मध्येच जोरात दाबून तसाच धरून ठेवला, म्हणजे काहीतरी मोठं असावं. तिचा श्वास संथ झाला. मी चष्मा सांभाळत, छातीइतक्या पाण्यात, खांबासारखा उभा. एकदा माझ्या पोटरीला काहीतरी गुळगुळीत घासून गेलं, तेव्हा मी एक शब्द उच्चारला तो इथे लिहीत नाही. तिने आतून हात दाबला. म्हणजे ते तिने बघितलं होतं.

आणि मग पाण्याचा रंग बदलला. तिच्या पाठीवरचं नारिंगी जास्तच नारिंगी दिसायला लागलं. मी मान वळवली. केवड्याच्या बनामागे, आमच्या बाजूला, तीन दिवसांची ती ढगांची भिंत मधोमध फाटली होती आणि सगळी पश्चिम पेटली होती. लाल, केशरी, जांभळा, वर हिरवट कड. गेल्या वर्षीचे सगळे फोटो एकत्र केले तरी त्यापुढे काही नव्हतं. माझा सूर्यास्त. मानाने मिळालेला. आणि झाडांमुळे मला त्याची नुसती वरची झालर दिसत होती.

हात सोडला असता तर मी चार उड्यांत काठावर आणि धावत तिकडे पोचलो असतो. वासंती जाकीट घालून तरंगत होती, बुडाली नसती.

तिने हात दाबला. मी तोंड पूर्वेकडे केलं आणि उजेड जाईपर्यंत तसाच उभा राहिलो. एवढा मोठा त्याग मी केला असं मी पुढचे दोन दिवस मनात म्हणत होतो. खरं तर तिने हात इतका घट्ट धरला होता की सुटला नसता.

परत पश्चिमेला आलो तर आमच्या डेकवर आमच्या खुर्च्यांत शिरीषराव आणि माधुरी बसले होते. पाय समोर ताणलेले. मध्ये फडकं सोडलेला डबा.

"विनायकराव, होतात कुठे?" शिरीषराव उठलेच. "तुम्हाला भेटायला म्हणून आलो. म्हटलं रोज बोलवतोय, येत नाहीत, आपणच जाऊ. आणि इथे हा असा सूर्यास्त. ताई, काय सांगू. लाटा, आवाज, आणि समोर हे. तुमची मजा आहे हो."

मी डब्यात बघितलं. तळ दिसत होता.

"शुगर आहे ना तुम्हाला?"

"एकच घेतला," ते म्हणाले, आणि ओठाला लागलेली खसखस पुसली.

मला राहवलं नाही. "शिरीषराव, एक विचारू? या दिवसांत वारा पश्चिमेकडून असतो, हे तुम्हाला बुकिंग करताना माहीत होतं का?"

"असतो का?" ते म्हणाले. तोंडात अनारसा होता, दुसरा असावा. "मला कुठलं माहीत. मी तर पहिल्या दिवशी तुमच्या लाटांचं ऐकलं तेव्हा हिला म्हटलं, बघ, मोठ्या जावयाचं नशीबच वेगळं."

ते खरं बोलत होते. त्यांनी मला रागवायला एवढं एक कारणसुद्धा राहू दिलं नाही.

माधुरी मात्र वासंतीच्या ओल्या केसांकडे बघत होती. "ताई, तू गेलेलीस? मला न सांगता?"

"यांच्याबरोबर गेलेले," वासंती वेणी पिळत म्हणाली.

"हात धरून?"

"मग? मला कुठे पोहता येतं."

माधुरीने ताणलेले पाय खाली घेतले. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "हा कधी पाण्यात येत नाही माझ्याबरोबर. काठावर उभा राहून फोटो काढतो."

"अगं, मग फोटो कोण काढणार?" शिरीषराव म्हणाले, आणि डब्याचं झाकण लावून डबा अगदी जपून माझ्या हातात दिला.

डोंबिवली

आल्यावर आधी कल्याणला जाऊन सासूबाईंच्या पाया पडलो. शिरीषरावांनी मोठ्या टीव्हीवर फोटो लावले. शेवटचा तोच: पेटलेलं आकाश, फुटणारी लाट, खाली चार पावलं, आणि कोपऱ्यात कठड्यावर वाळत घातलेला एक चौकड्यांचा टॉवेल.

"हा टॉवेल ओळखीचा वाटतो," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनीच दिला होता, मागच्या अधिकात. मला.

वासंतीकडे फोटो नव्हता. तिने पोळपाट बाजूला सरकवला आणि हातांनीच सांगायला लागली. एक मासा असा, तळहाताएवढा, कडेला पिवळा. एक लांब, नळीसारखा, आपण बघतोय असं कळलं की थांबायचा. एक मोठा, हळदीकुंकवाच्या बायका निघतात तसा मागे बारके घेऊन. टीव्ही चालू होता, पण कोणी तिकडे बघेना. शिरीषरावसुद्धा पुढे वाकून ऐकत होते. मीही ऐकत होतो, तोंड उघडं ठेवून. त्यातलं काहीच मी बघितलेलं नव्हतं. मी नुसता खांब होतो.

तेव्हापासून शिरीषरावांच्या खाडीचा मला पूर्वीइतका त्रास होत नाही. रात्री जेवताना मी वासंतीला विचारतो, तो मोठा कसा होता, जेव्हा तू हात दाबून धरलेलास? ती म्हणते, सांगेन. रोज एखादाच सांगते, तोही मला भाजी निवडायला बसवून. आणि माझ्या पोटरीला घासून गेला तो कोणता, हे विचारलं की नुसती हसते.

अधिक संपला आणि मासळी सुरू झाली. परवा आम्ही बाजारात गेलेलो. गर्दी होती म्हणून तिने माझा हात धरला होता. एका पाटीसमोर ती थांबली, खाली बघितलं, आणि माझा हात दाबला. जोरात, आणि तसाच धरून ठेवला.

मी घाईने चष्मा पुसून वाकलो. बर्फावर बांगडे होते. नुसते बांगडे.

"काय गं?"

"दिसलं नाही तुम्हाला?"

"नाही."

"चष्मा तर आहे," ती म्हणाली, आणि माझा हात न सोडताच कोळणीशी भाव करायला लागली.